घडीच्या चाकूचं लॉक : जुनं बरं की नवं?

कातळवाट (धागाकर्ता)

ट्रेकच्या सामानाच्या धाग्यावर चाकूचा विषय निघाला की गाडी दोन मिनिटांत रामपुरीवर जाते, म्हणून हा वेगळा धागा. इथे फक्त घडीचे चाकू, आणि त्यातही फक्त लॉक. पोलाद कुठलं, धार कशी लावायची, मूठ लाकडी की प्लास्टिकची, यावर नंतर स्वतंत्र भांडू.

सुरुवातीलाच एक सांगतो. ज्यांना घडीच्या चाकूने फक्त काकडी-सफरचंद कापायचंय त्यांना लॉक लागत नाही. कापताना हाताचा जोर पातं उघडण्याच्या दिशेनेच असतो. पातं बोटांवर मिटायची वेळ येते ती टोकाने भोक पाडताना, लाकडात रुतलेलं पातं हलवून ओढताना, नाहीतर पात्याच्या पाठीवर चुकून दाब पडला तर. स्विस सैन्याने 1891 मध्ये शिपायांना जो चाकू दिला त्याला लॉक नव्हतं. पाठीतली पोलादी कमान पातं दाबून धरायची, बस्स. त्यांच्या शिपायाच्या मोठ्या पात्याला लॉक मिळालं ते 2008 च्या मॉडेलमध्ये. मध्ये 117 वर्षं आणि दोन महायुद्धं गेली (ते लढले नाहीत म्हणा).

आता लॉक हवंच असेल तर. जुन्यात मी दोन धरतो.

ओपिनेल : फ्रान्समधल्या सव्हॉय भागातला शेतकऱ्या-गुराख्यांचा चाकू, 1890 पासूनचा. साठेक वर्षं तोही बिनलॉकचाच होता. 1955 मध्ये मार्सेल ओपिनेलने मुठीच्या गळ्यावर फिरणारी पोलादी कडी बसवली, विरोब्लॉक. कडीला एक फट असते. फट पात्यासमोर असली की पातं मोकळं फिरतं; कडी वळवली की फट बाजूला सरकते आणि पात्याच्या बुडाला (मुठीकडच्या टोकाला) आडकाठी लागते. 2000 पासून ही कडी मिटलेल्या पात्यालाही लागते, म्हणजे खिशात उघडायची धास्ती नाही. नंबर 6 आणि त्यावरच्या मापांनाच कडी असते, लहान मापांना नाही.

बक 110 : अमेरिका, 1964. पितळी टोप्या, लाकडी मूठ आणि पाठीत एक लांब पोलादी दांडी. दांडी मधल्या पिनवर झुलते, तिच्या पुढच्या टोकाला दात. पातं पूर्ण उघडलं की दात पात्याच्या बुडातल्या खाचेत टक्कन बसतो. मिटवायला दांडीचं मागचं टोक दाबायचं. याला बॅक लॉक म्हणतात. चाकू भक्कम आहे, पण वजन 200 ग्रॅम. ओपिनेल नंबर 8 चं 45 च्या आसपास.

नव्यात यादी मोठी. लायनर लॉक (मुठीच्या आतली पट्टी आडवी येऊन पात्याच्या बुडामागे बसते), त्याचाच थोरला भाऊ फ्रेम लॉक (मुठीची एक बाजूच ती पट्टी असते), बेंचमेडचं ॲक्सिस आणि त्याच्या वाटेने आलेली सगळी क्रॉसबार लॉक्स, स्पायडरकोचं कम्प्रेशन लॉक, आणि हल्ली निम्म्या चिनी चाकूंवर दिसणारं बटण लॉक.

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे तुम्हाला फोडून काढायला बरं. नव्या लॉकांनी फक्त सोय दिली. एका हाताने उघडा, एका हाताने मिटवा. मजबुतीत बहुतेकांनी बकच्या पुढे फार मोठी मजल मारलेली नाही. आणि मळ-मातीत काय होतं यावर कुणी बोलतच नाही. मंडळी, सुरू करा.

---

भोसरीचा_फिटर

कातळवाट, चांगला धागा. पण 'मजल मारली नाही' हे वाक्य तसं सोडता येणार नाही. थोडं गणित करू.

समजा पात्याचं टोक पिव्हटपासून (पातं ज्या खिळ्यावर फिरतं तो) 85 मिमीवर आहे आणि लॉकचा दात पिव्हटपासून 6 मिमीवर. टोकाच्या पाठीवर फक्त 3 किलोचा दाब आला तर दातावर येतो 3 गुणिले 85 भागिले 6, म्हणजे 42 किलोच्या वर. हाच दात 8 मिमीवर नेला की भार 32 किलोवर येतो. म्हणून लॉकचं नाव काय यापेक्षा पात्याचं बूड केवढं मोठं आहे आणि दात पिव्हटपासून किती लांब आहे, हे आधी बघावं. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन लायनर लॉक्स एकाच नावाची असून एक दुसऱ्याच्या निम्म्या ताकदीचं असू शकतं.

दुसरी गोष्ट, भार जातो कुठे? बक पद्धतीच्या बॅक लॉकमध्ये तो दातावरून दांडीत आणि दांडीतून तिच्या मधल्या पिनवर जातो. पिन बारीक असते. वर्षानुवर्षं वापरून भोक किंचित मोठं झालं की पातं वर-खाली हलायला लागतं. बॅक लॉकवाले सगळे या हलण्याबद्दल कुरकुरतात त्याचं कारण हेच. कोल्ड स्टील कंपनीसाठी अँड्र्यू डेमकोने ट्राय-ॲड लॉक केलं, त्यात त्याने पात्याच्या बुडाच्या आणि दांडीच्या मध्ये एक जाड स्टॉप पिन टाकली आणि दांडीचं पिनचं भोक थोडं लांबट ठेवलं. भार आला की दांडी सरकून त्या जाड पिनला टेकते, बारीक पिनवर ताण येतच नाही. जुन्याच यंत्रात एक पिन जास्त. ही मजल मी मोठी मानतो.

---

घोरपड

ट्राय-ॲडचं नाव निघालं, आता धागा योग्य मार्गाला लागला :)

त्या कंपनीचे व्हिडिओ बघा. उघड्या चाकूची मूठ शिकंजात धरून पात्याला वजनांच्या चकत्या टांगतात, लॉक हलत नाही. बाकी कुणाची टांगायची हिंमत आहे का?

---

कातळवाट

घोरपड, त्या चकत्या मी बघितल्यात. मला एकच विचारायचंय, हरिश्चंद्रगडावर तू पात्याला काय टांगणारेस? टेंट?

फिटर काका, स्टॉप पिनचा मुद्दा मान्य. पण तो मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. सगळ्यात मजबूत 'नवं' लॉक म्हणजे 1964 चं लॉक अधिक एक पिन.

---

डावखुरी

तुमच्या यादीत कुणाच्याच लक्षात न आलेली गोष्ट म्हणजे हात. लायनर लॉक आणि फ्रेम लॉक हे सरसकट उजव्या हाताच्या लोकांसाठी बनतात. डाव्या हाताने मिटवायचं तर पट्टी अंगठ्याने ढकलण्याऐवजी तर्जनीने ओढावी लागते, आणि बोट नेमकं पात्याच्या वाटेत येतं. कम्प्रेशन लॉकचंही तेच, डाव्या हाताची आवृत्ती काही मोजक्या मॉडेलना मिळते.

बॅक लॉकला डावं-उजवं कळत नाही, ते मध्येच असतं. ओपिनेलची कडी दोन्हीकडे फिरते. नव्यात आमच्यासाठी खरं काम क्रॉसबारने केलं. दोन्ही बाजूंना बारीक गोळे असतात, कुठलाही ओढा. त्यामुळे 'नव्यांनी फक्त सोय दिली' यातलं 'फक्त' मला टोचलं. ज्यांना सोय आधीपासूनच होती त्यांना ते फक्त वाटतं.

---

भोसरीचा_फिटर

डावखुरीताईंना पूर्ण अनुमोदन. त्या निमित्ताने क्रॉसबार नक्की कसं चालतं ते लिहितो, कारण बाहेरून काहीच कळत नाही.

मुठीच्या आत दोन्ही पोलादी पट्ट्यांना तिरप्या खाचा असतात. त्या खाचांतून एक कडक पोलादी दांडी आरपार जाते. दोन बारीक तारेच्या स्प्रिंगा, ग्रीक ओमेगा अक्षराच्या आकाराच्या, तिला सतत पुढे ढकलतात. पातं उघडलं की ही दांडी पात्याच्या बुडावरच्या उतारावर चढून बसते आणि बूड आणि स्टॉप पिन (उघडलेलं पातं जिला टेकून थांबतं ती) यांच्यामध्ये अडकते. पातं मिटायला निघालं तर दांडी चिरडली जायला हवी. अख्खी पोलादी दांडी आडव्या दाबाखाली सहजी जात नाही. बिल मॅकहेन्री आणि जेसन विल्यम्स यांची ही कल्पना, बेंचमेडने 1998 मध्ये 710 मॉडेलमधून आणली. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात पेटंटची मुदत संपली आणि मग आज दिसतोय तो पूर आला. प्रत्येकाने नाव वेगळं ठेवलं, आत तेच.

कमजोर जागा दांडी नाही, स्प्रिंगा. तार वाकून-वाकून थकते.

---

वाफोली_एक्सप्रेस

स्प्रिंग मोडते, हो. माझ्याकडच्या एका क्रॉसबार चाकूची एक मोडली, ब्रँडचं नाव लिहीत नाही. दुसरी स्प्रिंग होती म्हणून लॉक लागत राहिलं, पण दांडी तिरकी ओढली जायची. कळलंच नसतं, एका बाजूचा गोळा ढिला वाटला म्हणून खोललं. आत तारेचे दोन तुकडे.

बक 110 मध्ये काय मोडणार सांगा?

---

भोसरीचा_फिटर

तिथेही स्प्रिंग आहे, पण चांगली जाड पोलादी पट्टी, पाठीतल्या दांडीखाली. ती मोडलेली मी पाहिली नाही. वैताग आणते ती खाच. पात्याच्या बुडातली ती खाच चाकू मिटलेला असताना नेमकी उघडी पडते आणि खिशातला सगळा लोकरी कचरा तिथे जमतो. कचरा दाबून घट्ट झाला की दात पूर्ण खाली बसत नाही. बाहेरून टक्क ऐकू येतं, दात मात्र अर्धाच आत. दांडीचं मागचं टोक मुठीच्या पाठीला समतल आलं नाही तर समजायचं की आत काहीतरी अडकलंय. जुन्या लॉकची ही मोठी चांगली बाजू आहे, ते नीट लागलं नाही तर बोट फिरवून कळतं.

---

मंदार_यॉर्कशायर

इंग्लंडमधून. इकडे हा वाद चालतच नाही, कारण लॉक असलेला चाकू सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी बाळगणं गुन्हा आहे. घडीचा, बिनलॉकचा आणि पात्याची धार 3 इंचांच्या आत असलेला चाकू चालतो. 1988 च्या कायद्यात 'घडीचा खिशातला चाकू' एवढंच लिहिलं होतं. लॉक लागलेला चाकू त्यात बसत नाही हे 1993 च्या हॅरिस खटल्यात न्यायालयाने ठरवलं. युक्तिवाद साधा होता. लॉक लागलं की तो स्थिर पात्याच्या चाकूसारखाच झाला, बटण दाबल्याशिवाय मिटत नाही.

म्हणजे बोटांची सुरक्षा वाढवणारी गोष्ट कायद्याच्या नजरेत शस्त्रपणा वाढवणारी ठरते. स्पायडरको इकडच्या बाजारासाठी मुद्दाम बिनलॉकचे चाकू बनवते. ओपिनेल सगळ्या दुकानांत मिळतो, पण कडीमुळे नंबर 6 सुद्धा लॉकवाल्यांत मोडतो. फ्रान्सहून आठवण म्हणून घेऊन येणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींना हे ठाऊक नसतं. जर्मनीतल्या भावालाही विचारलं. तिकडे 2008 पासून एका हाताने उघडणारा आणि लॉक लागणारा, दोन्ही एकत्र असलेला चाकू कारणाशिवाय बाळगता येत नाही. दोन हातांनी उघडणारा लॉकवाला चालतो. म्हणून ओपिनेल त्या नियमात अडकत नाही.

---

कातळवाट

मंदार, फार उपयोगी. इकडचं विचारायच्या आत लिहितो. आपल्या शस्त्र नियमांत (2016) 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाचे सोडून. लॉकचा तिथे उल्लेख नाही. पण पोलिसाने विचारलं तर सॅकमध्ये दोर आणि टेंट दिसणं केव्हाही बरं. विमानात हातातल्या सामानात चाकू नाही, चेक-इनमध्ये टाका.

---

टवाळ_पंत

सगळं झालं, रामपुरीचं लॉक कुणी सांगेल का? की आमची श्रद्धा दुखवायची आहे?

(रामपूरच्या चौकात 2023 पासून 20 फुटी चाकू उभा आहे. त्याला लॉक आहे का तेवढं कळवा.)

---

संपादक मंडळ

रामपुरीसाठी स्वतंत्र धागा काढावा. या धाग्यावर काम करणाऱ्या चाकूंबद्दल लिहावं ही विनंती.

---

दर्यावर्दी_मालवण

काम करणाऱ्याबद्दल लिहितो मग. आमच्याकडे होडीवर जाळ्याचा दोर कापायला, कधी आमिष तोडायला घडीचा चाकू लागतो. मोठा स्थिर पात्याचा असतोच, पण खिशातला वेगळा.

ओपिनेल आणला होता हौसेने, कार्बन स्टीलचा. खाऱ्या पाण्यात दोन दिवसांत लाल. ते सोडा, स्टेनलेस मिळतो. पण मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची. ओली झाली की फुगते आणि पातं आत अडकून बसतं. फ्रेंच लोक मुठीचं बूड टेबलावर आपटून पातं बाहेर काढतात, त्याला ते सव्हॉयची थाप म्हणतात असं कळलं. होडीत टेबल नसतं. कडीही मिठाने जाम होते आणि ओल्या बोटांनी वळत नाही.

लायनर लॉकचा अनुभव त्याहून वाईट. आतली पट्टी पातळ, गंजली की ठिपके पडतात. शिवाय मिटवताना अंगठा आत घालावा लागतो. हाताला माशाची बुळबुळ असताना अंगठा पात्याच्या वाटेत? नको रे बाबा. शेवटी प्लास्टिक मुठीचा साधा बॅक लॉक बरा पडला. मूठ नीट धुतली जाते आणि मिटवताना बोटं मुठीच्या पाठीवर असतात.

---

कातळवाट

मी ज्या प्रतिसादाची वाट बघत होतो तो हाच. दर्यावर्दी, बॅक लॉक एका हाताने मिटवता येतो का पण? मला तरी दोन हात लागतात.

---

दर्यावर्दी_मालवण

येतो. एका हाताने दाबायचं, पातं मांडीला टेकवून अर्धं मिटवायचं, मग बोटं काढून पूर्ण. पण होडी हलत असेल तर करत नाही. दोन्ही हात मोकळे होईपर्यंत उघडाच ठेवतो पाटीत. मिटवायची घाई नसते, उघडायची असते.

---

घोरपड

बॅक लॉकवाल्यांसाठी एक माहिती. मूठ घट्ट आवळली की तळहाताचा मांसल भाग दांडीच्या मागच्या टोकावर दाबला जाऊन लॉक सुटू शकतं. डेव्हिड बॉय नावाच्या कारागिराने त्यावर साधा उपाय काढला, दांडीच्या त्या टोकाला एक उथळ खोलगी. मुद्दाम अंगठा रोवला तरच दाबलं जातं. स्पायडरकोच्या बऱ्याच बॅक लॉक चाकूंवर ही खोलगी दिसते. जुना चाकू घेत असाल तर बघून घ्या.

(चकत्यांबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे.)

---

निमिष_७७

नवीन सभासद. मला लायनर लॉक आवडतं पण इथे सगळे त्याच्या मागे लागलेत. ते इतकं वाईट असतं तर जगभर का चालतं? आणि ते नवीन म्हणजे नक्की किती नवीन?

---

भोसरीचा_फिटर

निमिष, स्वागत. वाईट अजिबात नाही, फसवं आहे. आणि नवीनही नाही. आतली पट्टी आडवी आणून पातं अडवायचं पेटंट 1906 चं आहे, वॉटसन आणि चॅडविक या दोघांचं, अमेरिकेतल्या कॅटरॉगस कंपनीसाठी. पुढे अमेरिकी सैन्याच्या वायरमनना जो टीएल-29 चाकू मिळायचा त्यातही हीच पट्टी होती. गंमत म्हणजे ती पात्याला नव्हती, पेचकसाला होती. पेचकस फिरवताना मिटून बोट चिमटायला नको म्हणून. चाकूच्या पात्याला त्यांनी पाठीतली जुनी कमानच ठेवली.

आजचं लायनर लॉक 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू मेक्सिकोतल्या मायकेल वॉकरने घडवलं. त्याने पट्टी जाड केली, पात्याच्या बुडाला तिरका उतार दिला आणि पट्टीत एक बारीक गोळी बसवली, जी मिटलेल्या पात्याच्या खळगीत पडून ते मिटलेलं ठेवते. पाठीतली कमान त्यामुळे लागेनाशी झाली आणि पातं अंगठ्याने झरकन उघडायला लागलं. एका हाताने उघडणं सोपं झालं ते इथून पुढे.

आता फसवेपणा. हे लॉक म्हणजे दाराखाली सरकवलेली पाचर आहे. उतार सुमारे 7-8 अंशांचा. उतार कमी असेल तर पट्टी घट्ट रुतून बसते, जास्त असेल तर दाबाखाली बाहेर घसरते. ती जागेवर राहते केवळ घर्षणामुळे. 8 अंशांसाठी घर्षण गुणांक 0.14 च्या वर हवा. कोरडं पोलाद-टायटॅनियम तो आरामात देतं. तेल लागलं की आकडा खाली येतो. म्हणून लायनर किंवा फ्रेम लॉकच्या टेकायच्या जागेला कधीही तेल लावू नका. पिव्हटला लावा, उरलेलं पुसा. बॅक लॉकमध्ये ही भानगड नाही, तिथे दात खाचेत असतो.

झीज झाली की पट्टी आपोआप आणखी आत सरकते आणि पातं घट्टच राहतं. हा गुण. पण सरकत सरकत पलीकडच्या भिंतीला टेकली की संपलं, मग पातं ढिलं होतं. बॅक लॉक झिजलं की हलून तक्रार करतं, लायनर शेवटपर्यंत बरं वाटत राहतं.

---

निमिष_७७

बाप रे. घरी जाऊन आधी बघतो.

---

भोसरीचा_फिटर

चाकू पूर्ण उघडून मागून बघा. पट्टीची कड पात्याच्या बुडाच्या पहिल्या चतुर्थांशापासून मध्यापर्यंत कुठेही असेल तर चांगलं. जेमतेम काठावर टेकत असेल तर धोका, अगदी पलीकडे असेल तर म्हातारं झालं. मग पात्याची पाठ लाकडाच्या ओंडक्यावर हळूहळू दाबायची, मूठ अशी धरून की पातं मिटलं तरी बोटं वाटेत नसतील. काही जण पाठ जोरात आपटून बघतात. ते करू नका. धक्क्याने पट्टी उडून चांगलं लॉकही नापास होतं आणि नसलेली झीज तुम्ही स्वतः तयार करता.

ऑनलाइन मिळणारे बिननावाचे चाकू मात्र अंगठ्याच्या दाबानेही मिटलेले पाहिलेत. स्वस्त लायनर लॉकपेक्षा स्वस्त ओपिनेल शंभर वेळा घ्यावा, कारण कडीचं काम बिघडवणं कठीण आहे.

---

घाटमाथा_मुक्काम

फ्रेम लॉक घ्यावं का? क्रिस रीव्हच्या सेबेन्झाबद्दल फार ऐकलंय. चारशे डॉलरच्या वर जातो म्हणे.

---

कातळवाट

सेबेन्झा मित्राचा वापरलाय. 1990 च्या आसपास दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या क्रिस रीव्हने आतली वेगळी पट्टी काढून टाकली आणि टायटॅनियमच्या मुठीची एक बाजूच चिरून तिची पट्टी केली. मूठ आवळली की तुमचीच बोटं लॉक आणखी आत दाबतात. बॅक लॉकच्या नेमकं उलट. हा खरा हुशार विचार वाटला मला. टायटॅनियम पोलादाला चिकटतं आणि लॉक सोडताना ओढून काढावं लागतं, ही त्याची जुनी खोड. नंतरच्या सेबेन्झात टेकायच्या जागी सिरॅमिकची गोळी आली, इतर बरेच जण तिथे पोलादी तुकडा जोडतात.

चाकू सुंदर. पण तो घेऊन मी ट्रेकला जाणार नाही, कारण सगळा वेळ चाकूकडेच लक्ष राहील.

---

नलू_आत्या

मुलांनो, मी सगळं वाचलं. तुम्ही एक हात एक हात म्हणताय, पण एका हाताने उघडायची एवढी निकड कशासाठी? चाकू दोन्ही हातांनी उघडावा, सावकाश. आमच्या घरी मुलांना कडीवालाच द्यायचे मामा, कारण कडी फिरवायला थांबावं लागतं.

---

कातळवाट

नलू आत्या, बरोबर आहे, मुलांच्या हातात पहिला चाकू कडीवालाच द्यावा. लॉक लागलंय की नाही हे मूल डोळ्यांनी बघू शकतं.

एका हाताची निकड कधी? दोराला ताण असताना, एका हाताने खडक किंवा दोर धरलेला असताना. गिर्यारोहणाचे म्हणून जे चाकू मिळतात त्यांना हार्नेसला अडकवायला भोक असतं आणि हातमोजे घालूनही फिरवता येईल अशी खरबरीत चकती. पेट्झल कंपनीचा स्पाथा बघा. त्या वेळी दुसरा हात नसतोच. तेवढ्यासाठी मी माझं मूळ म्हणणं थोडं वळवतो, डावखुरींच्या 'फक्त'सह. पण मिटवणं एका हाताने करायचं असेल तर बोट पात्याच्या वाटेत न आणणारीच लॉक्स घ्या. क्रॉसबार, बटण, कम्प्रेशन.

---

डावखुरी

कम्प्रेशनबद्दल कुणी लिहिलंच नाही की नीट. मी वापरत नाही (वरचं कारण), पण भावाकडे स्पायडरकोचा पॅरा मिलिटरी 2 आहे. लायनरसारखीच पट्टी, पण मुठीच्या पाठीच्या बाजूला. ती बूड आणि स्टॉप पिनच्या फटीत आडवी घुसते, त्यामुळे भार घर्षणावर न राहता पट्टीच्या जाडीवर दाब म्हणून येतो. पाठीवरून तर्जनीने सोडायची, पातं आपोआप खाली पडतं आणि तिथे एकही बोट नसतं. उजव्या हाताच्या लोकांसाठी सगळ्यात नीट विचार केलेलं लॉक तेच, असं तो म्हणतो. मला तपासता येत नाही :(

---

वाफोली_एक्सप्रेस

मातीचा प्रश्न अजून लोंबकळतोय. कातळवाटने सुरुवातीला काढला आणि मग सगळे पळाले.

---

भोसरीचा_फिटर

मातीचं गणित मुठीच्या पाठीवर आहे. बॅक लॉकमध्ये पाठ दांडीने बंद असते, आत गेलेलं बाहेर पडत नाही. नव्या लायनर, फ्रेम, क्रॉसबार चाकूंत बहुधा दोन बाजू चार खांबांवर उभ्या असतात आणि पाठ उघडी. नळाखाली धरा, आरपार पाणी जातं. क्रॉसबारच्या दांडीच्या खाचांत बारीक वाळू शिरली तर दांडी करकरते, पण दोन-चारदा मागे-पुढे केलं की ती स्वतःच वाळू बाहेर ढकलते. बटण लॉकचं उलट, बटण एका गोल भोकात वर-खाली सरकतं, तिथे वाळू शिरली की बटण अर्धवट वर येतं आणि बाहेरून पूर्ण वर आल्यासारखंच दिसतं. लाल मातीत मला बटण नको.

लायनरची पट्टी आणि बुडाच्या मध्ये एक खडा आला तरी पट्टी टेकत नाही. खडा दिसतो मात्र, कारण पाठ उघडी आहे.

---

दर्यावर्दी_मालवण

बॅक लॉकची खाच कशाने साफ करायची? मी माशाचा काटा वापरतो. हसू नका.

---

भोसरीचा_फिटर

काटा मोडून आत राहील. बांबूची टूथपिक घ्या, टोक चावून थोडं फुगवा. आधी गोड्या पाण्याने मीठ काढा, वाळवा, मग थोडं रॉकेल टाकून उघड-मीट करा, काळं पाणी येणं थांबेपर्यंत. शेवटी पिव्हटला एक थेंब शिलाई मशीनचं तेल. भाजी-फळं कापत असाल तर पातं नंतर साबणाने धुवा, रॉकेलचा वास पपईला लागतो.

---

दर्यावर्दी_मालवण

पपई नाही, सुरमई. चालेल.